शंख, शुक्ति, कपर्दिका : भस्मापूर्वीची ओळख आणि वैद्याचा नमुनासंग्रह

प्रस्तावना

अम्लपित्त, परिणामशूल, ग्रहणी, अग्निमांद्य या नित्याच्या व्याधींत शंखभस्म, कपर्दिका भस्म, शुक्ति भस्म आणि प्रवाळपंचामृत यांचा वापर आपण सर्वच वैद्य करीत असतो. प्रवाळपंचामृतात तर प्रवाळ, मौक्तिक, शंख, शुक्ति आणि कपर्दिका ही पाचही सागरसंभव द्रव्ये एकत्र येतात. या पाचांमध्ये एक समान गोष्ट आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही सर्व द्रव्ये मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेटच होत. त्यामुळे समजा, पाचांच्या जागी एकाच जातीच्या शिंपल्याचे चूर्ण वापरून हा कल्प सिद्ध केला, तर नेहमीच्या रासायनिक तपासणीत तो बहुधा निर्दोष ठरेल. पांढऱ्या भस्मास रूप नाही, रेषा नाही, आकृती नाही. ते मूळ कोणत्या प्राण्याच्या कवचाचे, हे निष्णात रसवैद्यासही केवळ पाहून सांगता येणार नाही.

म्हणून या द्रव्यांची ओळख भस्मापूर्वी, किंबहुना शोधनापूर्वी, अखंड स्वरूपात व्हावयास हवी. निंबुरसात वा कांजीत स्वेदन झाले की कवचाचा पृष्ठभाग झिजतो, रंग जातो आणि ओळखीची निम्मी लक्षणे तेथेच नष्ट होतात. कोकणातील वैद्यास समुद्रकिनारी जाऊन द्रव्य प्रत्यक्ष पाहता येते. दिघोरीसारख्या गावी, समुद्रापासून शेकडो किलोमीटर अंतरावर, हे द्रव्य गोणीतून, बहुधा तुकड्यांच्या रूपात आणि विक्रेत्याने दिलेल्या नावासह पोहोचते. अशा ठिकाणी प्रत्येक वैद्याने व औषधी निर्मात्याने स्वतःचा छोटा शंखशिंपल्यांचा नमुनासंग्रह ठेवावा आणि त्यातील प्रत्येक नमुना स्वतः ओळखता यावा, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख आहे.

ओळखीचा आग्रह कशासाठी?

"शेवटी सर्व कॅल्शियमच ना?" असा प्रश्न आपल्यातीलच काही जण विचारतात. त्याचे उत्तर तीन अंगांनी देता येईल.

पहिले अंग शास्त्राचे. ग्रंथकारांनी या द्रव्यांचे गुण एक मानलेले नाहीत. शंख शीत सांगितला आहे, तर कपर्दिका कटू, उष्ण व दीपन सांगितली आहे. पित्तप्रधान अम्लपित्ताच्या रुग्णास शंख योजावयाचा आणि प्रत्यक्षात पुडीत कपर्दिका जावयाची, हा शास्त्रदृष्ट्या विपर्यास होय.

दुसरे अंग द्रव्याच्या घटनेचे. कॅल्शियम कार्बोनेट निसर्गात मुख्यतः अ‍ॅरागोनाइट व कॅल्साइट या दोन स्फटिकरूपांत आढळते. शंख व कवडी यांचे कवच अ‍ॅरागोनाइटचे. खाण्याच्या कालवाचे कवच बहुतांशी कॅल्साइटचे. मोत्याच्या शिंपीचा बाहेरचा थर कॅल्साइटचा व आतील चमकदार थर अ‍ॅरागोनाइटचा असतो. तीव्र पुटात हे भेद मावळतात. अ‍ॅरागोनाइटचे कॅल्साइट होते आणि सुमारे ८२५ अंश सेल्सिअसच्या पुढे कार्बन डायऑक्साइड निघून चुना उरतो. पूर्ण विघटन झाल्यास १०० ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटचे ५६ ग्रॅम राहते. म्हणजे अग्नी केवळ द्रव्याचे रूपच नव्हे, तर त्याचा पुरावाही नाहीसा करतो.

तिसरे अंग चिकित्सेचे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. रुग्णास गुण आला वा आला नाही, यातून वैद्य शिकतो. परंतु जे दिले ते काय होते, हेच ठाऊक नसेल, तर वीस वर्षांच्या चिकित्सेनंतरही शंखभस्माविषयीचा आपला अनुभव हा शंखभस्माचा अनुभव आहे, असे म्हणता येणार नाही.

शास्त्राधार

सुश्रुतसंहितेत आनूप वर्गातील कोशस्थ प्राण्यांमध्ये शंख, शंखनख, शुक्ति, शंबूक व भल्लूक यांची नावे वेगवेगळी दिली आहेत. कवचधारी प्राणी म्हणजे सरसकट 'शिंपले' असे प्राचीनांनी मानले नव्हते, हे यावरून स्पष्ट होते. रसरत्नसमुच्चयात कपर्दाचा समावेश साधारण रसांत असून ग्राह्य कवडीचा रंग, पाठीवरील गाठी व वजन सांगितले आहे. रसतरंगिणीत मुक्ताशुक्ति व जलशुक्ति असा भेद केला आहे. अज्ञात औषध विषाप्रमाणे होय, हा चरकाचार्यांचा इशारा आपणा सर्वांस परिचित आहे. त्याच प्रकरणात वनात वावरणारे गुराखी व मेंढपाळ औषधींची नावे व रूपे जाणतात, असेही ते सांगतात. आपल्या भागात वैनगंगेचे व चुलबंदीचे शिंपले ढिवर बांधव जितके जाणतात तितके आपण जाणत नाही. त्यांच्याकडून रूप शिकावे आणि योग ग्रंथातून शिकावा, हा क्रम योग्य होय.

परीक्षेची साधने

दहापट मोठे दाखवणारे भिंग, अर्ध्या ग्रॅमपर्यंत अचूक वजनकाटा, मोजपट्टी, विजेरी आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल (नसल्यास लिंबाचा रस) एवढी साधने पुरेशी आहेत. आम्लाचा थेंब टाकताच बुडबुडे आले तर द्रव्य कार्बोनेट आहे एवढेच सिद्ध होते. काच, चिनीमाती व प्लास्टिक वेगळे काढण्यास ही परीक्षा उपयोगी आहे. शंख व शिंपला वेगळे करण्यास ती निरुपयोगी आहे. तेथे आकृतीच पाहावी लागते.

१. शंख

औषधी शंख म्हणजे टर्बिनेला पायरम. जुन्या पाठ्यपुस्तकांत तो झँकस पायरम या नावाने आढळतो. दोन्ही नावे एकाच प्राण्याची आहेत. मन्नारचे आखात, पाल्कची सामुद्रधुनी आणि कच्छचे आखात ही त्याची प्रसिद्ध क्षेत्रे. जेम्स हॉर्नेल यांनी १९१४ मध्ये या एकाच शंखावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता.

निर्णायक लक्षण : शंखाच्या मुखातून आत विजेरीचा प्रकाश टाकावा. मधल्या खांबावर, म्हणजे नाभीवर, ३ ते ४ ठळक आडव्या वळ्या दिसतात. या वळ्या हीच औषधी शंखाची खूण. बॅबिलोनिया, रॅपाना, पुजिलिना इत्यादी समुद्री गोगलगायींची कवचे आकाराने शंखासारखी भासली तरी त्यांची नाभी गुळगुळीत असते. बॅबिलोनियावर तपकिरी ठिपके असतात. परंतु ती आम्लाने विरंजित केली की ठिपके जातात, नाभी मात्र बदलत नाही.

तुकड्यांची परीक्षा : बंगालमध्ये विवाहित स्त्रियांच्या बांगड्यांसाठी शंख कापला जातो आणि उरलेली टोके व नाभी औषधासाठी विकली जातात. हे द्रव्य अग्राह्य नव्हे. उलट चंद्रोदया वर्तीत शंखनाभीच सांगितली आहे. तुकड्यांच्या गोणीतून मूठभर तुकडे काढून त्यांत वळ्या असलेल्या नाभीचे तुकडे आहेत का, कवचाची जाडी व चिनीमातीसारखा घट्ट पांढरा छेद आहे का, हे पाहावे. पातळ, सहज चुरणारे, आतून पोकळ गोल असे तुकडे आढळल्यास ते धानाच्या बांधीत व तलावांत सापडणाऱ्या पिला वा बेलामिया या गोड्या पाण्यातील गोगलगायींचे असण्याची शक्यता लक्षात घ्यावी. त्यांच्या मुखास खालच्या बाजूस पन्हाळी नसते व नाभीवर वळ्या नसतात. क्षुद्रशंख म्हणून त्यांचा स्वतंत्र विचार करावा. शंख म्हणून नव्हे.

दक्षिणावर्ताचा प्रश्न : प्राणिशास्त्रात शंखाचे टोक वर व मुख आपल्याकडे धरतात. त्या स्थितीत सामान्य शंखाचे मुख उजवीकडे येते, म्हणून ते त्यास उजवा म्हणतात. आपल्या परंपरेत पन्हाळीची बाजू वर धरतात. तोच शंख उलटा केल्यामुळे मुख डावीकडे येते व तो वामावर्त ठरतो. दोन्ही शास्त्रांत विरोध नाही, धरण्याची दिशा वेगळी आहे. खरा दक्षिणावर्त शंख अत्यंत दुर्मिळ असतो. बाजारात त्या नावाने अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील व मेक्सिकोच्या आखातातील ब्युसिकॉन जातीचा शंख विकला जातो. तो जन्मतःच त्या दिशेने वळलेला असतो, त्याच्या खांद्यावर गाठी असतात आणि नाभीवर त्या ३-४ वळ्या नसतात. भस्मासाठी वामावर्त शंखच वापरात आहे. त्यामुळे दक्षिणावर्ताच्या मोहात वैद्याने पैसे घालवण्याचे कारण नाही.

२. कपर्दिका

मराठीत 'कवडीमोल' हा शब्द क्षुद्रतेचा. रसशास्त्रात मात्र कवडीला वजनावरून श्रेणी आहे. दीड निष्काची श्रेष्ठ, एका निष्काची मध्यम, पाऊण निष्काची कनिष्ठ. निष्क ४ माषांचा व माष १ ग्रॅमचा धरल्यास हे वजन अनुक्रमे ६, ४ व ३ ग्रॅम होते. दहा कवड्या एकत्र तोलून सरासरी काढण्याऐवजी प्रत्येक कवडी वेगळी तोलावी.

बाजारात प्रामुख्याने दोन जाती येतात. मोनेटारिया मोनेटा ही पिवळसर, कोनदार, कडेला उंचवटे असलेली कवडी. पूर्वी चलनात होती ती हीच. मोनेटारिया अ‍ॅन्युलस ही लांबट गोल, गुळगुळीत, पाठीवर सोनेरी कडे असलेली. ग्रंथोक्त 'पिवळसर व पाठीवर गाठी असलेली' हे वर्णन पहिल्या जातीस अधिक जुळते. जुनी, उन्हात पडलेली कवडी पांढरी पडते व कडेही पुसट होते. अशा वेळी उंचवट्यांवर बोट फिरवून निर्णय घ्यावा. मुखाच्या दोन्ही कडांवर दात नसलेली, पातळ कवडी अपक्व प्राण्याची असते, ती वगळावी.

लोकनाथ रसासारख्या कल्पात कज्जली कवडीच्या पोटात भरून टंकणाने मुख बंद करावयाचे असते. तेथे अखंड, न फुटलेली, पाठीला छिद्र नसलेली कवडीच हवी. माळेसाठी भोक पाडलेल्या कवड्या त्या कामी येत नाहीत.

३. शुक्ति

सर्वाधिक घोटाळा याच द्रव्यात आहे, कारण 'शिंपला' या एका शब्दाखाली चार वेगळी द्रव्ये येतात. येथे बाह्य चकाकीवर विसंबू नये. शिंपल्याच्या आतल्या बाजूस स्नायू चिकटल्याची खूण असते, ती मोजावी.

(अ) मुक्ताशुक्ति (पिंक्टाडा फ्युकाटा, पिंक्टाडा मार्गारिटिफेरा) : गोलसर आकार, सांध्याची बाजू सरळ व कानासारखी पुढे आलेली, बाहेरून खवल्यांसारखे थर, आत मोत्याची चकाकी आणि मध्याजवळ एकच मोठी स्नायूची खूण. मार्गारिटिफेराची आतील कडा काळसर असते.

(आ) जलशुक्ति (लॅमेलिडेन्स, पॅरेशिया) : गोड्या पाण्यातील. बाहेरून हिरवट-तपकिरी ते काळपट साल, शिंपल्याचा उंचवटा बहुधा झिजलेला, आत मोत्याचीच चकाकी, परंतु स्नायूच्या खुणा दोन, एक पुढे व एक मागे. लॅमेलिडेन्स लांबट व पातळ. पॅरेशिया आखूड व जाड. वैनगंगा, चुलबंद व आपल्या जिल्ह्यातील मालगुजारी तलाव यांत हे शिंपले मिळतात.

(इ) कालव : ओबडधोबड, वेडावाकडा आकार; एकच खूण असली तरी आत मोत्याची चकाकी नसून खडूसारखा वा चिनीमातीसारखा पांढरेपणा.

(ई) प्लॅक्युना प्लॅसेंटा : पातळ, सपाट, प्रकाश आरपार जाणारा. सांध्यापाशी उलट्या 'व्ही' आकाराच्या दोन कडा. गोव्यात पूर्वी खिडक्यांत काचेऐवजी बसवत तो हाच.

माझ्या संग्रहात मुक्ताशुक्ति म्हणून खरेदी केलेल्या एका पुडीतील शिंपले आहेत. त्यांवर चकाकी उत्तम आहे, परंतु प्रत्येकावर खुणा दोन आहेत आणि सांध्याजवळ हिरवट सालीचे अवशेष आहेत. अर्थात ती जलशुक्ति होय. जलशुक्ति हे हीन द्रव्य नव्हे. तिचे स्वतंत्र गुण ग्रंथात आहेत आणि आपल्या जिल्ह्यातील वैद्यास ती ताजी, स्वतः पाहून, स्थान नोंदवून मिळवता येते. मात्र ती जलशुक्ति या नावानेच कुपीत जावी. नदी-तलावातून शिंपले घेताना सांडपाणी वा कारखान्याचे पाणी मिसळते तेथून ते घेऊ नयेत, कारण हे प्राणी पाणी गाळून जगतात व पाण्यातील जड धातू साठवतात.

४. संग्रहात ठेवावयाची अन्य द्रव्ये

समुद्रफेन : नाव फेन असले तरी हे सेपिया या प्राण्याच्या शरीरातील कवच आहे. होडीसारखा आकार, एक बाजू कठीण व ठिसूळ, दुसरी नखाने खरवडली असता पूड होणारी. पाण्यावर तरंगते, आम्लाने फेसाळते. ज्वालामुखीचा सच्छिद्र दगडही तरंगतो, परंतु आम्लाने फेसाळत नाही.

नखी : समुद्री गोगलगायींच्या मुखावरील झाकण. तपकिरी-काळसर, थराथरांचे, नखासारखे; जाळल्यास केस जळल्याचा वास. टर्बो जातीचे झाकण चुनखडीचे, जड व गोल असते. ते नखी नव्हे. वाघनखी नावाने विंचू (मार्टिनिया) या वनस्पतीची फळेही विकली जातात, हा नामसाम्याचा दोष ध्यानात ठेवावा.

प्रवाळ : भूमध्य समुद्रातील कोरॅलियम रुब्रम. शाखेवर लांबीच्या दिशेने बारीक समांतर रेषा भिंगाने दिसतात. रंगवलेल्या पांढऱ्या प्रवाळावर अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस फिरवल्यास कापसास रंग लागतो. काचेत बुडबुडे दिसतात व आम्लाने ती फेसाळत नाही.

नमुनासंग्रह कसा ठेवावा

(१) प्रत्येक द्रव्याचे किमान तीन अखंड नमुने आणि एक फोडलेला नमुना ठेवावा. शंख उभा कापून नाभी दिसेल असा ठेवणे विशेष उपयुक्त.

(२) चिठ्ठीवर द्रव्याचे शास्त्रोक्त नाव, प्राणिशास्त्रीय नाव, स्थान, दिनांक, कोणाकडून मिळाले, लांबी व वजन लिहावे. विक्रेत्याने सांगितलेले नाव व आपण केलेला निर्णय हे दोन स्वतंत्र रकान्यांत लिहावेत. निर्णय झाला नसेल तर तो रकाना रिकामा ठेवावा.

(३) स्वच्छता पाणी व मऊ ब्रशने करावी. आम्ल, विरंजक वा वार्निश लावू नये.

(४) कवचे लाकडी वा प्लायवुडच्या बंद कपाटात, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवू नयेत. लाकडातून निघणाऱ्या अ‍ॅसेटिक व फॉर्मिक आम्लाच्या वाफेने कवचांवर पांढरी क्षारयुक्त पूड धरते व कवच नष्ट होते. ही विकृती संग्राहकांत बाइन यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी १८९९ मध्ये तिची नोंद केली होती. याच कारणाने आसवारिष्टांच्या संधानकक्षात वा कांजीच्या भांड्यांजवळ हा संग्रह ठेवू नये. काचेच्या कुप्या व धातूची मांडणी उत्तम.

(५) तुलनेसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेली सुब्बा राव यांची गोड्या पाण्यातील मृदुकाय प्राण्यांवरील पुस्तिका आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला दीपक आपटे यांचा भारतीय शंखशिंपल्यांवरील ग्रंथ उपयोगी पडतात.

कायद्याची मर्यादा

संग्रहाच्या हौसेत कायद्याचे भान सुटू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींत २००१ मध्ये अनेक समुद्री कवचधारी प्राणी व प्रवाळ समाविष्ट झाले. कॅसिस कॉर्नुटा, करोनिया ट्रायटोनिस, नॉटिलस, ट्रायडॅक्नाच्या जाती आणि सर्व खडकनिर्माते प्रवाळ त्यांत आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झाली आहे. त्यामुळे अनोळखी शोभिवंत कवच घेण्यापूर्वी प्रचलित अनुसूची पाहावी. औषधी निर्मात्यांस अनुसूची टी २००० पासून लागू आहे आणि कच्च्या द्रव्याची ओळख व नियंत्रण नमुने ठेवणे हा तिचाच भाग आहे. म्हणजे वर सांगितलेला संग्रह निर्मात्यांच्या बाबतीत केवळ हौसेचा विषय राहत नाही.

स्वाध्याय

आपल्या औषधालयातील शंख, कपर्दिका व शुक्ति यांच्या प्रत्येक गोणीतून डोळे मिटून दहा नग काढावेत. शंखात नाभीच्या वळ्या, कवडीत वजन व उंचवटे, शुक्तीत स्नायूच्या खुणा पाहून दहांपैकी किती नग नावाप्रमाणे आहेत, ते नोंदवावे. न जुळणारे नग फेकू नयेत. तेही चिठ्ठी लावून संग्रहात ठेवावेत. भेसळीचा नमुना हा शुद्ध नमुन्याइतकाच मोलाचा शिक्षक असतो.

उपसंहार

सुधावर्गीय द्रव्यांच्या बाबतीत रासायनिक परीक्षा वैद्यास 'हे कॅल्शियम आहे' एवढेच सांगते. 'हा शंख आहे' हे केवळ डोळा व हात सांगू शकतो, तेही अग्निसंस्कारापूर्वीच. शंखात वळ्या, कवडीत उंचवटे व वजन, शुक्तीत खुणांची संख्या, एवढी तीन लक्षणे अंगवळणी पडली तरी बहुतांश घोटाळे गोणी उघडतानाच उघडकीस येतील. प्रत्येक औषधालयात एक भिंग, एक वजनकाटा आणि चिठ्ठ्या लावलेल्या वीस-पंचवीस कुप्या असाव्यात, आणि पुट देण्यापूर्वी गोणीतील द्रव्य त्या कुप्यांशी ताडून पाहण्याचा नियम असावा, अशी सर्व वैद्यबंधू-भगिनींस व औषधी निर्मात्यांस विनंती आहे.